निम्मा साबण गेला कुठे?

१

धुलाईघरातून काहीतरी नाहीसं होतंय, हे घरातल्या माणसांच्या आधी करखात्याला कळलं.

तपासनीस साहेब अंगाने बारीक आणि हळू बोलणारे होते. आरडाओरडा करणारा माणूस परवडतो, त्याला निदान उलट बोलता येतं. हे साहेब एक प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघत बसून राहायचे. त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. दीर, गाडीवाला, हॉटेलातली माणसं, समोरचा फळवाला, झाडून सगळे त्यांना वहिनीच म्हणत. नवरा तापाच्या साथीत गेला आणि तेव्हापासून धुलाईघराचा गाडा त्याच ओढत होत्या.

"तुम्ही हॉटेलांच्या चादरी आणि टॉवेल धुता," साहेब म्हणाले. "मालकांच्या वेळी जेवढे कपडे यायचे तेवढेच गेल्या वर्षीही आले, असं तुम्ही लिहून दिलंय."

"हो साहेब. तेवढेच आले."

"साबणाची पावडर मात्र दुप्पट घेतलीत. पाणीही जवळजवळ दुप्पट वापरलंत."

"मला वाटलं, महागाईमुळे बिलं वाढली."

"महागाईने बिलं वाढतात, बाई. गोण्या वाढत नाहीत."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. खरेदी नवरा बघायचा. तो गेल्यावर जेवढी पावडर मागितली जाई, तेवढी त्या मुकाट्याने मागवत. धंद्याला एवढी लागतच असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

"सोमवारी लेखी उत्तर द्या," साहेब म्हणाले. "नाहीतर निम्मा धंदा लपवलात असं मला धरावं लागेल. मग कर, दंड, व्याज, सगळं आलं."

"आम्ही काहीही लपवलेलं नाही."

"मग उरलेला निम्मा साबण गेला कुठे?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि ते वाट बघत बसले. वहिनींना वाटलं, या खोलीचं दार आता बाहेरून कुणीतरी लावून घेतलंय.

२

कर सल्लागार हा नवऱ्याचा जुना मित्र. त्याने दोन मसुदे टाईप करूनच आणले होते.

"पहिल्यात आपण चूक कबूल करतो. थोडा धंदा दाखवायचा राहिला, दंड भरतो, विषय मिटवा. दुसऱ्यात आपण म्हणतो, पावडर चोरीला गेली."

"पहिलं खोटं आहे."

"खोटं असलं तरी सुटसुटीत आहे."

"आणि दंड कुठून भरू? मशीन विकून?"

सल्लागार खिडकीबाहेर बघायला लागला. म्हणजे मशीन विकूनच. आणि मशीनबरोबर वरच्या राहत्या दोन खोल्याही गेल्या असत्या, कारण कर्ज दोन्हींवर मिळून होतं.

"मग दुसरं देऊ."

"देऊ की. पण साहेब विचारणार, चोर कोण? पोलिसात तक्रार कुठे आहे? वहिनी, पावडरीला हात लावणारी माणसं तीन. तुमचा दीर, काका आणि गाडीवाला. एकाचं नाव लिहून द्यावं लागेल."

वहिनी पुरत्या कात्रीत सापडल्या. एकीकडे घर जात होतं आणि दुसरीकडे घरातलं माणूस.

शेवटी त्यांनी मामीला फोन लावला. मामी जन्मभर करखात्यात तपासणीचं काम करून निवृत्त झाली होती. तिच्या धाकाने चांगले चांगले व्यापारी दुकानाच्या मागच्या दाराने पसार व्हायचे, असं मामी स्वतःच सांगायची.

शुक्रवारी सकाळी मामी आली, ती आधी वासाने आली. सेंटची अख्खी बाटली अंगावर ओतून घेतल्याशिवाय तिला घराबाहेर पडता येत नसे. दिराने लगबगीने खिडक्या उघडल्या. गाडीवाल्याने लागोपाठ शिंका दिल्या आणि तो गाडी पुसायला म्हणून पळाला, ज्या गाडीला त्याने वर्षभरात फडकं लावलं नव्हतं. वहिनी मात्र तिच्यामागे धावल्या, कारण मामी सरळ धुण्याच्या दालनात शिरत होती आणि तिथे काका होते.

काका म्हणजे वहिनींचे चुलत सासरे, धुलाईघराचे मुख्य धुलाईवाले. त्यांच्या दालनात सेंट, तेल, विडी, काहीही लावून किंवा ओढून यायला सक्त मनाई होती. धुतलेली चादर ते मुठीत चुरगाळून नाकाशी धरत, डोळे मिटत आणि सांगत, झाली किंवा नाही झाली. एकदा हॉटेलच्या मॅनेजरला त्यांनी सेंट लावून आला म्हणून हाताला धरून बाहेर काढलं होतं.

मामी आत गेली. वहिनी दाराशी कान टवकारून उभ्या राहिल्या. आरडाओरडा झाला नाही. काकांनी मामीला स्टूल दिलं, स्वतः शेजारी बसले आणि गप्पा मारायला लागले. पाहुण्यांचा मान ठेवला बिचाऱ्यांनी, असं वहिनींना वाटलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळाने मामी बाहेर आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पोरी, हे बाहेरच्याचं काम नाही. हे तुझ्या या तिघांपैकीच कुणाचं तरी आहे."

३

मामीने एकेकाला ऑफिसात बोलावलं. तिची पद्धत साधी होती. समोरच्याला चहा द्यायचा आणि आपण बोलायचं नाही. वहिनी कोपऱ्यात बसून होत्या, आणि आपल्याच माणसांना असं चौकशीला बसवल्याची त्यांना मनापासून लाज वाटत होती.

गाडीवाल्याला सगळे बुलेट म्हणत, कारण सायकलीसुद्धा त्याच्या गाडीच्या पुढे निघून जात. अर्धा चहा संपायच्या आत तो घळाघळा बोलून मोकळा झाला.

"मी चोरतो, मामी. पण पावडर नाही. रिकाम्या गोण्या. चादरी पोचवायला जाताना वाटेत विकतो. वहिनी, मला माफ करा, पण गोण्या नुसत्या पडूनच असतात हो."

"आणि गोण्या खरंच रिकाम्या असतात?" मामीने विचारलं.

"झटकून झटकून रिकाम्या केलेल्या. काका चिमूटभरसुद्धा ठेवत नाहीत."

"हॉटेलवाले काही म्हणतात का?"

"पांढऱ्याशुभ्र चादरी बघून खूश असतात. नुसतं एवढंच म्हणतात की हल्ली चादरी लवकर विरतात. नवी घेतली की बघता बघता जाळी होते. मी म्हणतो, तुम्हीच स्वस्तातला माल घेता."

मामीने मान डोलावली आणि त्याला सोडलं.

मग काका आले. हात पुसून, बाह्या खाली करून, शाळेच्या वर्गात बसावं तसे बसले. पावडर ते किती घालतात, असं विचारल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "लागते तेवढी."

"पूर्वी कमी लागायची?"

"पूर्वी पाणी चांगलं होतं."

"तुम्ही म्हणे हल्ली उजाडायच्या आधीच येता?"

"तापातून उठल्यापासून झोप लागत नाही. पडून राहण्यापेक्षा पहिला ड्रम लावून टाकतो." ते वहिनींकडे वळले. "सूनबाई, तो गेला आणि मी राहिलो. राहिलोय तर काम तरी करावं, एवढंच."

वहिनींचे डोळे भरून आले. त्याच साथीत, त्याच दवाखान्यात, शेजारशेजारच्या खाटांवर दोघं होते. नवरा परत आला नाही. काका आले, आणि त्यानंतर ते या दालनातून फारसे बाहेर पडलेच नाहीत.

काका गेल्यावर मामीने विचारलं, "पहाटे दालनात आणखी कोण असतं?"

"कुणीच नाही. दार लावून घेतात. भावोजी उशिरा येतात, काकांकडून ओल्या चादरी घेतात आणि पुढे ड्रायर आणि इस्त्री बघतात."

"मग आता भावोजींना बोलाव."

दीर आला. बसताना त्याच्या खिशातून काहीतरी खळ्ळकन पडलं. मामी पटकन वाकली आणि तिने ते उचललं. कोऱ्या करकरीत कुलपाची किल्ली होती. धुलाईघरात असं कुलूप कुठेच नव्हतं.

४

"गोदामाची?" मामीने विचारलं.

दिराचा चेहरा पडला. वहिनींना वाटलं, संपलं. दुसऱ्या मसुद्यात लिहायचं नाव मिळालं. हा नवऱ्याचा पाठचा भाऊ. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा हा त्यांच्याकडून गणितं सोडवून घ्यायचा.

"भावोजी, खरं सांगा. मी पोलिसात जाणार नाही. घर गेलं तरी जाणार नाही. पण मला खरं कळू दे."

"वहिनी, खोलीची किल्ली आहे," दीर खाली मान घालून म्हणाला. "भाड्याने घेतलीय, पुलापलीकडे. दोन खोल्यांत आपण सगळे किती दिवस राहणार? माझ्या बायकोला अवघडल्यासारखं होतं. रोज ठरवायचो की आज तुम्हाला सांगू. दादा नाही, आणि मीही निघालो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मग नोटीस आली. आता निघालो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, पैसे घेऊन पळाला."

"मला तसंच वाटलं आत्ता," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं. दीरही डोळे पुसायला लागला. मामीने दोघांना थोडा वेळ रडू दिलं आणि मग तिला धीर धरवेना.

"खोली नंतर बघू. मला एक सांग. ड्रायर गॅसवर चालतो ना? सिलिंडर पूर्वीपेक्षा जास्त लागतात?"

"नाही मामी. पूर्वीइतकेच."

"नीट आठवून सांग."

"आठवायचं काय त्यात? सिलिंडर मीच चढवतो आणि उतरवतो. जास्त लागले असते तर माझी पाठ बोलली असती."

मामी उठून उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते. "पोरी, दार लाव. तुझ्या घरात चोर नाही. पण जे आहे ते चोरीपेक्षा विचित्र आहे."

५

"समज, कुणी पावडर चोरली," मामी येरझाऱ्या घालत म्हणाली. "मग पावडर दुप्पट जाईल, कबूल. पण पाणी का वाढेल? चोर साबणाबरोबर पाणी भरून नेतो का? म्हणजे पावडर इथेच, या ड्रममध्येच, पाण्यात पडली. चोरी बाद."

"मग कुणी चोरून बाहेरचे कपडे धुतले?" दिराने विचारलं.

"खात्याला तेच वाटतंय. माझ्या नोकरीत मलाही तेच वाटलं असतं. पण बाहेरचे कपडे धुतले तर ते वाळवायला नकोत? गॅस वाढला पाहिजे. गॅस जिथल्या तिथे. आता चोरटा धंदा करणारा माणूस गिऱ्हाइकाला काय चिंब ओल्या चादरी देतो? म्हणजे धंदा लपवला, तेही बाद."

"मग उरलं काय?"

"जे दोनदा धुतलं गेलं पण एकदाच वाळलं, ते. तेच कपडे. तीच चादर पहाटे एकदा धुतली, आणि दार उघडायच्या आत पुन्हा एकदा धुतली. म्हणून तर हॉटेलवाल्यांच्या चादरी विरतात. ड्रमवर माणूस एकच असतो."

कुणी नाव घेतलं नाही. भिंतीपलीकडे ड्रम घरघरत होता.

"पण का?" दीर म्हणाला. "काकांना त्यातून काय मिळतं?"

मामी खुर्चीत बसली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिच्या आवाजातला तोरा उतरला. "ते मला कळत नाही. पैसे कुणी का खाल्ले हे मी डोळे मिटून सांगेन. धुतलेलंच कुणी पुन्हा का धुतं, ते मला नाही सांगता येणार. आणि कारण सांगितल्याशिवाय खातं विश्वास ठेवणार नाही."

तिने पदराने वारा घेतला. सेंटचा लोट खोलीभर पसरला. दीर खोकत खिडकीशी गेला. वहिनींनी नाकाला रुमाल लावला आणि तशाच थांबल्या.

काकांनी मामीला स्टूल दिलं होतं. काका तिच्या शेजारी बसले होते. मॅनेजरला हाताला धरून बाहेर काढणारे काका या वासात बसून निवांत गप्पा मारत होते.

"मामी," वहिनी म्हणाल्या, "तुझी सेंटची बाटली दे जरा."

६

वहिनींनी एका धुतलेल्या चादरीच्या टोकावर सेंट ओतला. आपला अंदाज चुकीचा ठरू दे, असं त्या मनातल्या मनात म्हणत होत्या.

काका ड्रमचं दार लावत होते.

"काका, ही एवढी बघता का? झाली का धुऊन?"

काकांनी चादर घेतली. टोक मुठीत चुरगाळलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. वासाने वहिनींचं डोकं भणभणत होतं. काका नेहमीसारखे क्षणभर थांबले, नेहमीसारखी मान हलवली.

"झाली. छान निघालीय."

काकांनी डोळे उघडले, त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातातल्या चादरीकडे. टोकावरचा ओला डाग त्यांना आत्ता दिसला. ते मटकन पालथ्या बादलीवर बसले.

"कधीपासून, काका?"

"तापापासून. चव आली परत थोडीफार. हे आलंच नाही." त्यांनी नाकाला बोट लावलं. "सूनबाई, स्वच्छ कपड्याला कशाचाच वास येत नसतो. तीच त्याची खूण. मला आता सगळंच तसं लागतं. घाणेरडी चादर, धुतलेली चादर, हे अख्खं दालन, सगळं स्वच्छ. मग विश्वास कशावर ठेवू? म्हणून दोनदा धुवायचो. राहून गेलं असलं काही, तर दुसऱ्यांदा तरी निघेल."

"मला सांगायचं होतंत."

"सांगून मी काय करणार होतो? मला दुसरं काय येतं? ज्याच्या भरवशावर मी इथे होतो तो गेला. उद्या तू म्हणाली असतीस, काका, आता घरी बसा. घरी बसलो की मला त्या शेजारच्या खाटेशिवाय काही दिसत नाही." त्यांनी चादरीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "माझ्यामुळे नोटीस आली ना? मी गाढवासारखा गप्प बसलो. मला वाटलं, पावडरीचंच तर आहे. तू पहिल्या कागदावर सही करू नकोस. दुसऱ्यावर माझं नाव घाल. साबण मी चोरला म्हणून लिही. ते मला चालेल. हे नाकाचं तेवढं कुणाला सांगू नकोस."

वहिनींना काय करावं कळेना. खरं उत्तर सापडलं होतं, आणि तेच लिहायला हात धजत नव्हता. खोट्या उत्तराने घर जाणार होतं. खऱ्याने या म्हाताऱ्या माणसाचं होतं नव्हतं ते सगळं जाणार होतं, आणि हॉटेलवाल्यांच्या कानावर गेलं तर धंदाही. ड्रम थांबला तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

"काका, चोर म्हणवून घ्यायला तुम्ही तयार आहात," शेवटी त्या म्हणाल्या. "मग आजारी म्हणवून घ्यायला काय हरकत आहे?"

काका पुढचा ड्रम भरायला उठले.

७

सोमवारी वहिनी दोन्ही मसुदे घरी ठेवून निघाल्या. पर्समध्ये कोरा कागद होता. रविवारभर त्यांनी काकांपाशी तो विषय काढला नव्हता. बाहेर बुलेटने गाडी सुरू केली होती आणि मागच्या सीटवर काका बसले होते. कडक इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला.

"लिहून दिलेलं साहेबाला पटणार नाही," ते म्हणाले. "मला बघितलं तर पटेल."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग नेहमीसारखे वाट बघत बसले. या वेळी मात्र वहिनी गडबडल्या नाहीत.

"साहेब, आम्ही चोरून बाहेरचे कपडे धुतले असते, तर ते वाळवले कशावर? गॅसच्या पावत्या आणल्यात. वाटल्यास गॅसवाल्याला विचारा. हॉटेलच्या मॅनेजरना विचारा, चादरी का विरतात. आणि कारण विचारायचं असेल, तर ते हे बसलेत."

साहेबांनी काकांकडे बघितलं. काकांनी त्यांची नजर टाळली नाही.

"तुमच्या टेबलावर उदबत्तीचं पाकीट आहे," काका म्हणाले. "पेटवलीत तरी मला धुरावरूनच कळेल. माझा पुतण्या हयात असता तर याच गोष्टीला हसला असता. धुलाईवाल्याचं नाक गेलं. लिहून घ्या, मी सही करतो."

साहेब बराच वेळ पेन फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "हे असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. पावत्या जोडा. मी येऊन ड्रम आणि ड्रायर बघीन. गॅसचं तुम्ही म्हणता तसं निघालं, तर लपवलेल्या धंद्याचा मुद्दा मी काढून टाकीन. वापराच्या नोंदी न ठेवल्याचा किरकोळ दंड मात्र पडेल."

तो पडलाच. एका हॉटेलने विरलेल्या चादरींचे पैसे मागितले आणि ते वहिनींनी हप्त्याने द्यायचं कबूल केलं. दुसरं हॉटेल सोडूनही गेलं. दीर पुलापलीकडे राहायला गेला आणि पूर्वीपेक्षा लवकर कामावर यायला लागला. साहेब खरोखरच येऊन गेले. ड्रायरसमोर बराच वेळ उभे राहिले आणि जाताना काकांना नमस्कार करून गेले.

पण त्या सोमवारी परत आल्यावर वहिनी वर गेल्या नाहीत. त्यांनी बाह्या वर केल्या आणि धुण्याच्या दालनात जाऊन उभ्या राहिल्या.

"आता घरी बसा म्हणायला आलीस?" काकांनी विचारलं.

"शिकायला आलेय. नाक माझं घ्या. बाकीचं सगळं तुमच्याकडे आहेच."

ड्रम थांबल्यावर काकांनी एक चादर ओढून काढली, टोक चुरगाळून वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी डोळे मिटले.

"सांग. कसला येतो?"

"थोडासा आंबूस. आणि पावडरीचा."

"अजून एक पाणी. पावडर नको."

ड्रम पुन्हा फिरला. काका पालथ्या बादलीवर बसून कान देऊन ऐकत होते. पाणी गेलं, दार उघडलं, तीच चादर पुन्हा आली.

"आता?"

वहिनींनी दीर्घ श्वास घेतला. मग पुन्हा एकदा, नीट खात्री करून.

"काका, कशाचाच येत नाही."

काकांनी चादर त्यांच्या हातातून घेतली आणि घडी घातली. ती पुन्हा उलगडली नाही.

"मग झाली," ते म्हणाले. "एकदाच पुरे."